जिजाबाईच्या चुलीवर माझी परीक्षा

मित्रांनो, बसमध्ये बसल्यावर तुम्ही कोणाकडे बघता? ड्रायव्हरकडे, त्याच्या भोंग्याकडे, फार तर पुढच्या काचेवर रंगवलेल्या नावाकडे. माझ्याकडे कोणी बघत नाही, आणि बघायचं म्हटलं तरी मी दिसणार नाही. मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मुठीत मावेन एवढा, पितळेचा, पोटात मेण भरलेला. पण बालाघाटहून उकव्याला जाणारी बंडोपंतांची बस बारा वर्षं घाट चढली ती माझ्या भरवशावर, हे आधीच सांगून टाकतो. स्वतःची बढाई स्वतः मारू नये म्हणतात. पण दुसरं कोणी मारायला तयार नसेल तर काय करावं?

माझं काम समजायला सोपं आहे. इंजिन चाललं की तापतं. त्याच्या अंगातून पाणी खेळत असतं, ते ही उष्णता उचलून घेतं. तापलेलं पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात येतं. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधलं दार म्हणजे मी. सकाळी इंजिन गार असतं तेव्हा मी दार घट्ट लावून बसतो. पाण्याला म्हणतो, बाबा, आधी घरातच फीर, अंग शेकून घे, मग बाहेर जा. कारण गारठलेलं इंजिन धूर ओकतं, डिझेल ढोसतं आणि आतून झिजतं. पाणी पुरेसं तापलं की माझ्या पोटातलं मेण वितळून फुगतं, दांडा सरकतो आणि दार उघडतं. फार तापलं तर मी फार उघडतो, निवलं की हळूहळू मिटतो. मला ना वीज लागते, ना कोणाचा हुकूम.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा सगळ्यांना ऊन पाण्यात बुडवून पारखलं. जे वेळेवर उघडले ते पास, बाकीचे भंगारात. मला एका नव्या इंजिनात बसवलं, त्या इंजिनावर बसचा सांगाडा चढला आणि नव्वद साली ती बस बालाघाटला आली. बंडोपंत तेव्हा नुकतेच जंगल खात्यातून निवृत्त झाले होते. वडील सरकारी नोकर, आजोबा सरकारी नोकर. आपण घरात काहीतरी वेगळं करायचं म्हणून त्यांनी दोन बस टाकल्या. एक वारासिवनीच्या सपाट रस्त्यावर आणि दुसरी, म्हणजे आमची, उकवा-बैहरच्या घाटावर. कचेरी सुटली तरी कचेरीची सवय सुटली नव्हती. बस मिनिटभर उशिरा पोचली की ते अंगणात येरझारा घालत.

आमचा ड्रायव्हर दुलीचंद. मूळचा लामत्याचा, राहायला बालाघाटच्या बौद्ध वस्तीत. अंगानं किडकिडीत, पण घाटात स्टेअरिंग धरून बसला की ऐसपैस दिसायचा. इंजिनाचं झाकण त्याच्या मांडीजवळच होतं, म्हणून त्याचं बोलणं मला सगळं ऐकू यायचं. रस्त्यात माणसं हात वर करून म्हणायची, "जयभीम, दुलीभाऊ," आणि तो भोंग्यानं उत्तर द्यायचा. उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीवर पाळीला जाणारे मजूर त्याच्या भोंग्यावर भाकरी बांधायचे. घाटाचा ड्रायव्हर ही पदवी त्याला कोणी लिहून दिली नव्हती, पण स्टँडवरचा लहानथोर ती मानायचा.

घाट सुरू होण्याआधी एका वळणावर नाला आहे. बहुतेक गाड्या तिथे थांबत. कंडक्टर बादली घेऊन उतरायचा, गाडीला 'पाणी पाजायचा', प्रवासी बिड्या ओढायचे. आमची बस तिथे कधी थांबली नाही. दुलीचंद समोरच्या, इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या घड्याळातल्या काट्याकडे नजर टाकायचा आणि कंडक्टर शालिकरामला म्हणायचा, "काटा मधात आहे. बस खाली." काटा मध्यात कोण ठेवत होतं, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा मला असं वाटायचं की घाट मीच चढतोय आणि बाकीची गाडी माझ्यामागून येतेय.

आता एक विचित्र रीत सांगतो. स्टँडामागच्या गॅरेजांत होळी झाली की आमच्या जातीची काढणी सुरू व्हायची. उन्हाळा आला, गाडी तापणार, मग पाण्याच्या वाटेत दार कशाला, असा तिथला हिशोब. हिरालाल मिस्त्री हा सगळ्यात नावाजलेला. हाताला यश होतं त्याच्या. आवाजावरून कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतो ते सांगायचा. पण होळी झाली की तोही पाना घेऊन निघायचा आणि गाडीगाडीतून थर्मोस्टॅट उपटायचा. त्याच्या वस्तादानं तसं शिकवलं होतं, वस्तादाला त्याच्या वस्तादानं. विचारणार कोण? दुलीचंद मात्र दर वर्षी म्हणायचा, "हिराभाऊ, माहा काटा मधात आहे. मले छेडू नको." त्यामुळे सहा होळ्या मी जागेवर बसून पाहिल्या, आणि सातवी आडवी आली.

झालं असं, की शहाण्णव साली धानाच्या हंगामात दुसरी बस बिघडली आणि आम्हाला काही आठवडे वारासिवनीच्या लाईनवर पाठवलं. तिथे राईस मिलच राईस मिल. रस्त्यावर कोंडा असा उडायचा की प्रवासी डोक्याला फडकं बांधून बसायचे. हंगाम सरला, आम्ही घाटावर परत आलो, आणि होळीच्या सुमारास काटा मध्यातून वर सरकायला लागला. मी पूर्ण उघडून उभा राहायचो, याहून जास्त उघडणं माझ्या हातात नव्हतं. तरी पाणी तापलेलंच परत यायचं. एक दिवस नाल्याच्या पुढच्या चढावर गाडी उकळली. सहा वर्षांत पहिल्यांदा शालिकराम बादली घेऊन पळाला.

"म्या सांगतलं होतं," हिरालाल म्हणाला. "हा वाल पाणी अडवते. याले काढून टाकू, मामला खतम." वाल म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणजे मी.

दुलीचंदला ते पटलं नव्हतं, पण उकळलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला कोण विचारतं? त्यानं मान हलवली. दोन बोल्ट सुटले, झाकण उघडलं आणि मला बाहेर काढून अवजारांच्या पेटीत टाकलं. मित्रांनो, मी जळलो नव्हतो, मोडलो नव्हतो, चुकलो तर मुळीच नव्हतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! त्या तेलकट पेटीत, पान्याच्या आणि तुटक्या पट्ट्याच्या सोबतीनं मला फार अपमान वाटला.

माझ्यामागे गाडीचे हाल झाले. सकाळी सपाटीवर काटा तळाशी लोळत पडायचा, इंजिन पांढरा धूर सोडत खोकायचं. आणि घाट लागला की तोच काटा सरसर वर जायचा. मी गेल्यावर उकळणं थांबायचं सोडून वाढलंच. मग आमची बसही नाल्यावर थांबायला लागली, पुढे चढावर आणखी एकदा. खाणीवरच्या मजुरांच्या पाळ्या चुकल्या. तक्रारी बंडोपंतांच्या अंगणापर्यंत गेल्या.

एका संध्याकाळी ते स्वतः स्टँडवर आले. रागावले नाहीत, पण रागावले असते तर बरं, असं बोलले. "दुलीचंद, तुमच्या हाताविषयी मला शंका नव्हती. पण लोकांना मी काय उत्तर देऊ? येत्या बाजाराच्या दिवशी मी गाडीत बसतो. पुनारामलाही सोबत घेतो. घाटात गाडी उकळली तर उकव्यापासून स्टेअरिंग त्याच्याकडे. तुम्ही वारासिवनीची लाईन सांभाळा."

पुनाराम म्हणजे दुसऱ्या बसचा ड्रायव्हर, सपाटीवरचा. दुलीचंद फक्त "हौ, मालक" म्हणाला. वारासिवनीची लाईन काही वाईट नव्हती. रस्ता सरळ, काम कमी. पण ज्यानं सहा वर्षं घाटात गाडी चढवली त्याला 'तुला जमत नाही' म्हणून खाली उतरवणं, ही त्याची हकालपट्टीच होती. बस उभी करून त्यानं अवजारांची पेटी उघडली. मला बाहेर काढलं, खिशात टाकलं आणि घरी आणलं. का आणलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याची बायको जिजाबाई चुलीपाशी होती. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं. "हे काय आनलं?"

"इंजिनाचा वाल आहे. हिराभाऊनं काढला. म्हने हाच पाणी अडवते."

"मंग काढल्यावर गाडी बरी झाली का?"

"नाही. अजून बिघडली."

"मंग याचा काय गुन्हा?" जिजाबाई म्हणाली. "दुखनं रेड्याले अन् औषध पखालीले! हा जित्ता आहे का मेला, ते तरी पाहालं का कोणी?"

खरंच, कोणी पाहिलं नव्हतं.

"गरम पाण्यात उघडला तं जित्ता, असं म्हनतेत," तो म्हणाला.

"मंग पाणी ठेवलंच आहे चुलीवर. पण आधी राखेनं घासा त्याले. माह्या डाळीच्या भगोन्यात तेलकट सामान नाही जानार."

मग मला राखेनं घासलं. गेल्या सहा वर्षांत मी इतका स्वच्छ कधी नव्हतो. जिजाबाईनं शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा काढला. दुलीचंदनं पान्याच्या टोकानं माझं दार किंचित उचकून दोरा त्यात अडकवला आणि सोडलं. मी दोरा तोंडात घट्ट धरला. दोऱ्याचं दुसरं टोक जिजाबाईनं पळीला बांधलं, पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि मी पाण्यात लोंबकळत राहिलो.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. महिनाभर कोरडा पडून होतो. मेण आकसलं असेल तर? दांडा अडकला असेल तर? तसं झालं तर हिरालालचं म्हणणं खरं ठरणार, आणि माझ्याबरोबर दुलीचंदही घाटावरून उतरणार. पाणी कोमट झालं. मी मिटलेलाच. ऊन झालं, तरी मिटलेलाच.

"नाही उघडून राह्यला," दुलीचंद म्हणाला.

"वरन तरी लवकर शिजते का? थांबा जरा," जिजाबाईनं एक लाकूड आत सारलं.

पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले. तशी माझ्या पोटातली जुनी ओळखीची ऊब जागी झाली. मेण सैलावलं, फुगलं, दांड्याला रेटा बसला. माझी पकड सुटली. दोरा वर राहिला आणि मी ठण्णकन पातेल्याच्या बुडाशी पडलो. इतक्या मानानं मी आजवर कुठे पडलो नव्हतो.

"सोडला," दुलीचंद हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर होता असं तो पुढे सांगायचा. "जित्ता आहे हा, जिजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालालला घरी बोलावलं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. त्यानं स्वतः दोरा अडकवला, स्वतः पळी धरली. मी पुन्हा उघडलो, बाहेर काढल्यावर पुन्हा मिटलो. हिरालाल कपाळ खाजवत बसला.

"हा चांगला आहे, तं गाडी उकळते काहून?"

"आन् हा काढल्यावर जास्त काहून उकळते?" दुलीचंदनं विचारलं.

हिरालालनं कोळशानं फरशीवर पाण्याच्या वाटा काढल्या. इंजिनातून वर येणारं पाणी, तिथून एक वाट रेडिएटरकडे, आणि दुसरी एक आखूड वाट तशीच परत इंजिनात. ही आखूड वाट गार इंजिनासाठी असते. जिजाबाई चहा ठेवता ठेवता वाकून बघत होती. तिचं माहेरही लामत्याकडचं, सगळं बालपण धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत गेलेलं.

"हे खालचं तोंड उघडंच आहे का?" तिनं आखूड वाटेवर बोट ठेवलं. "आमच्याकडे खालचं तोंड बुजवल्याशिवाय वरच्या बांधीत पाणी चढत नाही. उताराकडेच पळते."

हिरालालनं मला उचललं आणि उलटं केलं. माझ्या खालच्या बाजूला एक चपटी चकती आहे. वरचं दार उघडतं तेव्हा ही चकती खाली सरकते आणि आखूड वाट बंद करते. इतक्या वर्षांत त्यानं कित्येक थर्मोस्टॅट काढले असतील, पण ही चकती काय करते असा विचार केला नव्हता. मला काढल्यावर आखूड वाट सताड उघडी राहिली होती. तापलेलं पाणी निवायला न जाता तसंच माघारी वळत होतं.

"हे माहं काम," हिरालाल म्हणाला. "वस्तादनं सांगतलं तसं करत गेलो, दुलीभाऊ. चुकलंच."

पण मला काढायच्या आधीही गाडी उकळली होती. त्याचं कारण बाकी होतं. तेव्हा दोघांनी मिळून रेडिएटर खाली उतरवला. पुढून जाळी ठीक दिसत होती. मागून उजेड धरला तर पलीकडचं काही दिसेना. वारासिवनीचा कोंडा! तेलाच्या थराला चिकटून, धुळीनं थापून तो पत्र्यांच्या फटींत खोलवर लिंपला गेला होता. वारा आत जायला वाटच नव्हती, तर पाणी निवणार कसं? हिरालालनं दिवसभर मागच्या बाजूनं पाण्याची धार मारून, ब्रशनं हलक्या हातानं एकेक फट मोकळी केली. मग मला नव्या कागदी गॅस्केटवर, म्हणजे सांध्यातून पाणी गळू न देणाऱ्या पुठ्ठ्यावर बसवलं. बोल्ट आवळताना म्हणाला, "बस राजा आपल्या जागेवर."

बाजाराचा दिवस उजाडला. बस गच्च भरली. टपावर कोंबड्यांच्या पाट्या, आत भाजीची गाठोडी, खाणीवरची माणसं दारात लोंबकळलेली. बंडोपंत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि त्यांच्या शेजारी पुनाराम. वैशाखाचं ऊन डांबर वितळवत होतं.

मी गार इंजिनात दार लावून बसलो होतो. गावाबाहेर पडलो तोवर पाणी तापलं, मी फटभर उघडलो. काटा मध्यावर आला आणि तिथे थांबला. नाल्याचं वळण आलं. तिथे आधीच दोन गाड्या उभ्या होत्या. शालिकरामनं सवयीनं बादलीला हात घातला.

"पाजायचं का पाणी?" त्यानं विचारलं.

दुलीचंदनं काट्याकडे पाहिलं. मागून बंडोपंतांनीही मान पुढे काढली. दोष ओढवून घ्यायचा नसेल तर इथे थांबणं शहाणपणाचं होतं. दुलीचंद म्हणाला, "बस खाली." आणि त्यानं गिअर पाडला.

चढ लागला. उष्णता माझ्या अंगावर धावून आली. मी उघडत गेलो, अर्धा, पाऊण, मग पूर्ण. माझी चकती खाली जाऊन आखूड वाटेवर घट्ट बसली. आता पाण्याला एकच रस्ता होता आणि तो मी धरून ठेवला होता. तरी काटा मध्य सोडून वर सरकला. आणखी एक वळण, आणखी एक. मग रेडिएटरमधून परतलेलं पाणी मला लागलं आणि ते निवलेलं होतं! मित्रांनो, त्या एका स्पर्शासाठी मी महिनाभर तळमळत होतो. काटा वर जायचा थांबला. माथ्यावरचं शेवटचं वळण घेतलं तेव्हा तो खाली उतरून मध्यावर आला होता.

उकव्याला बस लागली. माणसं भराभर उतरली. घाटात काय पणाला लागलं होतं याची त्यांना खबरही नव्हती. बंडोपंत काही बोलायच्या आधीच पुनाराम उभा राहिला.

"मालक, मले वारासिवनीचीच लाईन राहू द्या," तो म्हणाला. "म्या असतो तं नाल्यावर थांबलो असतो."

बंडोपंतांनी दुलीचंदच्या खांद्यावर हात ठेवला. "मी पाहिल्याशिवाय बोललो, दुलीचंद. मनात ठेवू नका. गाडी तुमची, घाट तुमचा." दुलीचंद हसला आणि "चहा घेऊ, मालक" म्हणाला. मी अजून ऊन होतो, हळूहळू मिटत होतो. त्या क्षणी मला कोणी राजवाड्याचं दार केलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं.

त्यानंतर आणखी पाच वर्षं मी घाट चढलो. पुढच्या होळीला हिरालालनं पाना उचलला नाही. त्यानं गॅरेजात एक जुनं पातेलं आणून ठेवलं आणि गाडी तापते म्हणून आलेल्या प्रत्येकाचा थर्मोस्टॅट आधी त्यात पारखला. कितीतरी माझे भाऊबंद परत आपल्या जागेवर गेले. हे माझं कर्तृत्व नव्हे असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

मित्रांनो, तुम्ही मोठे झालात की तुमच्याही गाड्या असतील. रेडिएटरच्या फटी साफ ठेवा, त्यात स्वच्छ पाणी घाला आणि काट्याकडे लक्ष द्या. आणि कोणी दार लावून बसलेला दिसला तर तो वाट अडवतोय असं लगेच ठरवू नका. यंत्र असो की माणूस, जागेवरून उठवायच्या आधी एकदा पारखून पाहा. तेवढं ऊन पाणी कोणाच्याही चुलीवर निघतं.

दोन हजार दोन साली एका सकाळी माझं दार पुरतं उघडलं नाही. मेण म्हातारं झालं होतं. हिरालालनं मला काढलं, दोरा अडकवला आणि पाण्यात सोडलं. पाणी खळखळा उकळलं, पण मी दोरा सोडला नाही. त्यानं पुन्हा पाहिलं. मग दुलीचंदला बोलावून त्याच्यासमोर तिसऱ्यांदा पाहिलं. तेव्हा कुठे दोघांनी मान हलवली आणि माझ्या जागी नवा बसवला. मला आता कसलंही दुःख नाही. सगळ्यांदेखत मला तीनदा संधी दिली आणि मगच खाली उतरवलं.